मेमरीची तेजी आणि तळकोकणातला गुंतवणूकदार

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे २०२५ रोजी पुन्हा एकदा बातमीत आला, तो जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू करणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून. नागपूर येथे राज्य सरकारने स्थापन केलेल्या ‘मार्व्हल’ या कंपनीच्या साहाय्याने पोलीस, आरोग्य, परिवहन अशा खात्यांत ही यंत्रणा आणण्याचे ठरले आणि त्याच वर्षी नीती आयोगाच्या पथकाने जिल्ह्याला भेट देऊन या प्रयोगाची पाहणीही केली. अशा यंत्रणेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या संगणकांवर तयार होते, त्या संगणकांत प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी चिप, जितका महत्त्वाचा असतो तितकीच मेमरी, म्हणजे आकडे तात्पुरते वा कायमचे धरून ठेवणारी चिप, महत्त्वाची असते. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर या दुसऱ्या प्रकारच्या चिपची टंचाई निर्माण झाली, तिचे भाव चढले, ती बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्याहून वेगाने चढले आणि ‘मेमरीत पैसा आहे’ ही कुजबुज सोल, न्यूयॉर्क आणि मुंबई असा प्रवास करीत ज्याच्या हातात मोबाईल आणि नावावर डिमॅट खाते आहे अशा प्रत्येकापर्यंत येऊन पोहोचली.

या कुजबुजीचे स्वरूप बहुतेक वेळा सारखेच असते. अमुक कंपनीचा नवा प्रोसेसर पुढच्या वर्षी येत आहे, त्याला आधीच्यापेक्षा कितीतरी अधिक मेमरी लागणार आहे, म्हणून मेमरी कंपन्यांचा नफा वाढणार आहे आणि म्हणून त्यांचे शेअर आजच घेतले पाहिजेत, अशी ती साखळी असते. साखळीतील पहिल्या दोन कड्या बहुधा खऱ्या असतात आणि ऐकणाऱ्याचा विश्वास त्यांच्यामुळेच बसतो. कच्चेपणा असतो तो तिसऱ्या आणि चौथ्या कडीत, कारण मेमरीच्या धंद्यात नफा ठरतो तो मागणीपेक्षा पुरवठ्यावर, आणि शेअरचा भाव ठरतो तो आजच्या नफ्यापेक्षा उद्याच्या पुरवठ्याच्या अंदाजावर. हे समजण्यासाठी ही वस्तू नेमकी काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

संगणकातील मेमरीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार डीरॅम. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये तिला पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म बटण, आणि एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी सूक्ष्म जागा, एवढ्या जोडीत एक आणि शून्य यांपैकी एक खूण साठवायची, ही ती कल्पना. हा भार गळत राहतो, त्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खूण वाचून पुन्हा भरावी लागते आणि वीज गेली की सगळेच पुसले जाते. दुसरा प्रकार नँड फ्लॅश. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या मेमरीत भार अशा रीतीने कोंडला जातो की वीज बंद असली तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. मोबाईलच्या जाहिरातीत ‘८ जीबी आणि १२८ जीबी’ असे दोन आकडे दिसतात, त्यातील पहिला डीरॅमचा आणि दुसरा फ्लॅशचा असतो.

डीरॅमच्या जागतिक बाजाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा तीन कंपन्यांकडे आहे. दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन, आणि अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बॉइसी या शहरात १९७८ मध्ये स्थापन झालेली मायक्रॉन ही तिसरी. फ्लॅशच्या बाजारात या तिघींबरोबर तोशिबाच्या वारशातून निघालेली किऑक्सिया आणि तिची जुनी भागीदार सँडिस्क या आहेत. सँडिस्क २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्टर्न डिजिटलपासून पुन्हा वेगळी झाली आणि शेअर बाजारात स्वतंत्रपणे आली. मायक्रॉनचे प्रमुख संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे, आणि १९८८ मध्ये सँडिस्क स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. म्हणजे गुंतवणूकदारांच्या गप्पांत आज सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या दोन नावांशी एकाच भारतीय वंशाच्या अभियंत्याचा संबंध आहे.

आता प्रोसेसरकडे. गेल्या काही दशकांत प्रोसेसरची आकडेमोड करण्याची गती जितकी वाढली तितकी मेमरीतून आकडे आणण्याची गती वाढली नाही. वुल्फ आणि मॅकी या दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९९५ मध्ये या तफावतीला ‘मेमरीची भिंत’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. प्रोसेसर कितीही चपळ झाला तरी आकडे वेळेवर आले नाहीत तर तो रिकामा बसून राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी ही अडचण टोकाला नेली, कारण उत्तरातील प्रत्येक शब्द तयार करताना अब्जावधी आकडे मेमरीतून प्रोसेसरपर्यंत न्यावे लागतात, आणि हे आकडे नेणे हेच प्रत्यक्ष गणितापेक्षा वेळखाऊ ठरते. सिंधुदुर्गनगरीतील कार्यालयात विचारलेला प्रश्न असो वा अमेरिकेतील बँकेत विचारलेला, त्याच्या उत्तराचा वेग या नेआणीवर अवलंबून असतो.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे एचबीएम, अर्थात रुंद मार्गाची मेमरी. डीरॅमच्या पातळ चकत्या एकावर एक आठ, बारा किंवा सोळा अशा रचायच्या, त्यांच्यातून आरपार सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांत तांबे भरायचे आणि ही रास प्रोसेसरच्या अगदी शेजारी, एकाच आवरणात बसवायची, अशी ही रचना आहे. एसके हायनिक्सने एएमडी या प्रोसेसर कंपनीसोबत २०१३ मध्ये ती प्रथम आणली तेव्हा ती एक महागडी हौस मानली जात होती. तिच्या चौथ्या मोठ्या पिढीचे, एचबीएम-४ चे, तांत्रिक मानक एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात एका राशीतून एकाच वेळी आकडे वाहून नेणाऱ्या वाटांची संख्या १,०२४ वरून २,०४८ झाली. एनव्हिडिया या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या रुबिन या प्रोसेसरमध्ये अशी २८८ जीबी मेमरी आहे, तर एएमडीच्या एमआय-४०० मालिकेसाठी ४३२ जीबी जाहीर झालेली आहे. गप्पांमध्ये फिरणारे आकडे हेच, आणि ते खरे आहेत.

गप्पांमध्ये सहसा न येणारा आकडा वेगळाच आहे. मेमरी असो वा प्रोसेसर, चिप तयार होते ती वेफरवर, म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉनच्या, जेवणाच्या ताटाएवढ्या गोल तबकडीवर. एका कारखान्यातून महिन्याला किती तबकड्या निघतात हे ठरलेले असते आणि ते पटकन वाढवता येत नाही. एचबीएमच्या चकतीत आरपार छिद्रांसाठी जागा जाते, रास रचताना माल वाया जातो, आणि त्यामुळे तितक्याच जीबीसाठी साध्या डीरॅमच्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात, असे मायक्रॉननेच सांगितलेले आहे. याचा अर्थ एचबीएमचा प्रत्येक वाढीव जीबी साध्या मेमरीच्या तीन जीबींची जागा खातो. साधी मेमरी महाग होण्यामागे हे अंकगणित आहे. लॅपटॉप आणि मोबाईल घेणाऱ्यांची संख्या काही एकाएकी वाढलेली नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याविषयी इरादापत्र केले, तेव्हा त्या आकड्याच्या आकारानेच बाजार हादरला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती संगणकांसाठी मेमरी विकणारा आपला जुना ‘क्रुशियल’ हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. कुडाळला किंवा कणकवलीला मुलाच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेणाऱ्या पालकाला पडणारा वाढीव खर्च याच हिशेबातून येतो, त्यात दुकानदाराचा हात नसतो.

या धंद्याचा स्वभाव समजून घ्यायला मालवणच्या माणसाला दूर जावे लागत नाही. बंदरावर बांगड्याची एखादी टोपलीच आली तर लिलावात बोली चढत जाते, आणि सगळ्याच होड्यांना एकाच संध्याकाळी मासळी लागली तर तोच बांगडा बर्फाच्या खर्चालाही महाग होतो, कारण एका होडीचा बांगडा आणि दुसऱ्या होडीचा बांगडा यांत गिऱ्हाइकाला फरक नसतो. मेमरीचेही तसेच आहे. तिची मापे आणि जोडणी आंतरराष्ट्रीय प्रमाणांनी ठरलेली असल्यामुळे साध्या डीरॅमच्या बाबतीत सॅमसंगची काढून मायक्रॉनची बसवणे ग्राहकाला सोपे जाते, आणि भावाखेरीज निवडीचे कारण उरत नाही. प्रोसेसरचे तसे नसते. एनव्हिडियाच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आज्ञावली दुसऱ्याच्या प्रोसेसरवर तशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून तिचा ग्राहक बांधलेला राहतो आणि तिचा नफाही. मात्र होडी आणि कारखाना यांत एक मोठा फरक आहे. मासळीचा भाव पडला तर उद्या होडी किनाऱ्याला ठेवता येते, पण मेमरीचा कारखाना उभारायला दोन ते तीन वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागतात, आणि एकदा उभा राहिला की तो रात्रंदिवस चालवणेच भाग पडते, कारण यंत्रांचा घसारा उत्पादन थांबवले म्हणून थांबत नाही. म्हणून टंचाईच्या काळात सगळेच कारखाने काढतात, ते सगळे साधारण एकाच वेळी सुरू होतात आणि टंचाईची जागा सुकाळ घेतो.

या चक्राने बळी घेतलेल्यांची यादी मोठी आहे. आज प्रोसेसरसाठी ओळखली जाणारी इंटेल ही मुळात मेमरी बनवणारी कंपनी होती. १९७० मध्ये बाजारात आलेल्या तिच्या ११०३ या डीरॅम चिपने चुंबकीय कड्यांची जुनी मेमरी मोडीत काढली, पण जपानी कंपन्यांच्या स्वस्त मालापुढे टिकाव न लागल्याने १९८५ मध्ये तिने डीरॅमचा धंदा सोडला. त्याच जपानची शेवटची मोठी डीरॅम कंपनी एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढल्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्येच संपली होती. आज बाजारात तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत, त्या या पडझडीतून. ‘आता तिघीच आहेत, त्यामुळे भाव पडणार नाहीत’ असा युक्तिवाद गुंतवणूकदारांत नेहमी ऐकू येतो. २०१८ मध्येही तिघीच होत्या.

त्या वर्षाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रॉनने सुमारे ३० अब्ज डॉलरच्या विक्रीवर सुमारे १४ अब्ज डॉलरचा निव्वळ नफा मिळवला. तोवरच्या तिच्या इतिहासातील तो विक्रम होता. शेअरचा भाव मात्र त्याच उन्हाळ्यात साठ डॉलरच्या वर शिखर गाठून उतरू लागला आणि डिसेंबरअखेर तीस डॉलरच्या आसपास आला. भाव भागिले प्रतिशेअर नफा हे जे पीई गुणोत्तर, ते शेअर शिखरावर असतानाही साधारण पाच-सहाच्या घरात होते. पंधरा-वीस पीई असलेल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत हा शेअर कवडीमोल वाटावा असा होता, आणि अनेकांना तसा वाटलाही. आता उलट टोक पाहावे. २०२२ मध्ये सुमारे ३१ अब्ज डॉलर असलेली तिची विक्री २०२३ च्या आर्थिक वर्षात निम्म्यावर, साडेपंधरा अब्जांवर आली आणि कंपनीला सुमारे ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच २०२३ या वर्षात शेअर पन्नास डॉलरवरून पंच्याऐंशीच्या जवळ गेला. विक्रमी नफ्यात अर्ध्यावर आणि विक्रमी तोट्यात दीडपटीहून वर, असा हा उलटा व्यवहार आहे. चक्रीय धंद्यांत पीई कमी दिसतो तो बहुधा नफा शिगेला पोहोचलेला असतो म्हणून, आणि पीई भयंकर दिसतो किंवा काढताच येत नाही तो तळ जवळ आलेला असतो म्हणून. पोलाद, साखर, जहाजवाहतूक यांच्या शेअरमध्ये मुरलेल्या माणसाला हे नवे नाही, पण ‘तंत्रज्ञान’ हा शब्द लागला की तोच माणूस ते विसरतो.

या वेळी चक्र मोडले आहे, असे सांगणारे जाणकारही आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. एचबीएम ही साध्या मेमरीसारखी अदलाबदलीची वस्तू नाही. ती एका विशिष्ट प्रोसेसरच्या मापाने बनते, महिनोन्‌महिने तपासली जाते आणि तिचे करार वर्षभर आधी होतात. एचबीएम-४ मध्ये तर राशीच्या तळाशी असलेली चकती ग्राहकाच्या गरजेप्रमाणे घडवण्याची सोय आहे, त्यामुळे मेमरी आणि प्रोसेसर यांच्यातील सीमाच पुसट होत चालली आहे. एसके हायनिक्सने या एका वस्तूच्या जोरावर सॅमसंगसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले, हेही खरे. तरीसुद्धा हा माल घेणारे ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांपैकी दोघांनी जरी आपल्या डेटा सेंटरचा, म्हणजे हजारो संगणक एकत्र ठेवलेल्या केंद्रांचा, खर्च एक वर्ष पुढे ढकलला तरी करारांची भाषा किती टिकेल, हा प्रश्न उरतोच. अदलाबदलीच्या जोखमीची जागा मोजक्या ग्राहकांवरच्या अवलंबित्वाने घेतली आहे, इतकेच फार तर म्हणता येईल.

येऊ घातलेल्या तंत्रज्ञानावर पैसे लावण्याचा इतिहासही फारसा उत्साहवर्धक नाही. कॅलिफोर्नियातील रॅम्बस या कंपनीने १९९० च्या दशकात वेगवान मेमरीचा एक नवा नमुना तयार केला. ती स्वतः चिप बनवीत नव्हती, परवान्याचे शुल्क घेत होती. इंटेलने आपल्या येणाऱ्या पेंटियम-४ या प्रोसेसरसाठी हीच मेमरी निवडली आणि या बातमीवर रॅम्बसचा शेअर २००० च्या उन्हाळ्यात आकाशाला भिडला. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम-४ ठरल्याप्रमाणे बाजारात आला, तो रॅम्बसची मेमरी घेऊनच आला, आणि तरीही अंदाज चुकला, कारण ती मेमरी महाग होती आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी डीडीआर हा स्वस्त पर्याय पुढे रेटला. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. जुलै २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉन यांनी फ्लॅशपेक्षा हजारपट वेगवान म्हणून एक तिसरीच मेमरी जाहीर केली. तिचे बाजारातले नाव ऑप्टेन. ती खरोखर चालली, तज्ज्ञांनी तिची वाहवा केली, आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ५५.९ कोटी डॉलरचा पडून राहिलेला माल हिशेबातून खोडून तो धंदा गुंडाळला. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान काम करीत होते. पडले ते भावाच्या गणितात.

हे सर्व परदेशातील शेअरविषयी झाले. भारतातील, आणि म्हणून तळकोकणातील, गुंतवणूकदाराची खरी अडचण निराळी आहे. मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत डीरॅम किंवा फ्लॅश बनवणारी एकही कंपनी नाही. मायक्रॉनने जून २०२३ मध्ये गुजरातेतील साणंद येथे २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर केला, त्यातील मोठा वाटा केंद्र आणि गुजरात सरकारचा आहे, परंतु तेथे परदेशात तयार झालेल्या वेफरमधील चिप कापून, आवरणात बसवून तपासल्या जातात आणि मायक्रॉनची भारतीय शाखा शेअर बाजारात नोंदलेली नाही. पुण्याजवळ तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, त्यावरून महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडल्याने तो मूळ स्वरूपात कोठेच झाला नाही. अमेरिकी शेअर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ही वाट कायदेशीर असली तरी डॉलरचा भाव, परकीय शेअरवरील कर आणि विवरणपत्रातील वेगळी नोंद यांमुळे सामान्य माणूस तिच्या वाटेला सहसा जात नाही. कोरियाचा बाजार तर त्याला त्याहून दूर.

सिंधुदुर्गात घरात येणारा पैसा पूर्वी मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीचा होता आणि शिल्लक राहिलेला सोन्यात, पतपेढीत किंवा पोस्टात जाई. आज आंबा-काजूचा हंगाम, मासेमारी आणि तारकर्ली-देवबागचे पर्यटन यांतून पैसा येतो. हे तिन्ही हंगामी असल्याने तो थोडा थोडा न येता गठ्ठ्याने येतो. गठ्ठ्याने आलेला पैसा गठ्ठ्यानेच गुंतवण्याचा मोह होतो, आणि भाव चढलेले असतानाच या शेअरांची चर्चा शिगेला असते. ही दोन कारणे एकत्र आली की चक्रीय शेअर शिखरावर घेतला जाण्याची शक्यता बरीच वाढते. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची एसआयपीची पद्धत पगारदाराला सोपी जाते, बागायतदाराला तितकी नाही, याचा विचार गुंतवणुकीचे सल्ले देणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

मेमरीचा खरा शेअर हाताशी नाही आणि मेमरीची चर्चा मात्र दारात, अशा स्थितीत पैसा जवळच्या नावाकडे वळतो. याचे अत्यंत बोलके उदाहरण मुंबईच्या बाजारातच घडले. जी. डी. ट्रेडिंग अँड एजन्सीज हे जुने नाव बदलून आरआरपी सेमीकंडक्टर झालेल्या कंपनीचा शेअर डिसेंबर २०२५ पर्यंतच्या सुमारे वीस महिन्यांत ५५,००० टक्क्यांहून अधिक वाढला. सोप्या भाषेत, दहा हजार रुपयांचे कागदावर पंचावन्न लाख झाले. तिच्या वार्षिक अहवालाप्रमाणे पूर्णवेळ कर्मचारी दोन होते. आपण अद्याप सेमीकंडक्टरचे उत्पादन सुरू केलेले नाही, असे कंपनीनेच शेअर बाजाराला लेखी कळवले होते. भाव मात्र शंभराहून अधिक सत्रे सलग ‘अप्पर सर्किट’ला, म्हणजे एका दिवसात चढण्याच्या कमाल मर्यादेला, लागत राहिला. हे कसे घडते ते समजण्यासारखे आहे. बहुतांश शेअर मोजक्याच हातांत असतील तर विकायला कोणी येत नाही, थोड्याशा खरेदीनेही भाव मर्यादेला टेकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होते, आणि चढता आलेख पाहून नवे खरेदीदार रांगेत उभे राहतात. अखेर बाजाराने या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसापुरते मर्यादित केले. कागदावर पंचावन्न लाख असलेल्या माणसाला ते रोखीत आणायचे झाले, तर आठवड्यातील त्या एका दिवशी तितक्याच भावाला घेणारा भेटावा लागतो.

येथे कंपनीने काही लपवले होते, असे म्हणण्याचीही गरज नाही. उत्पादन नाही हे जाहीर होते, कर्मचारी किती हे जाहीर होते, बाजाराच्या संकेतस्थळावर दोन्ही कागद फुकट वाचता येत होते. लोकांनी वाचले ते फक्त नावातला दुसरा शब्द.

अशीच गफलत कच्च्या मालाविषयी होऊ शकते. कणकवली तालुक्यातील कासार्डे-पियाळी परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि चिप सिलिकॉनची बनते, म्हणून या वाळूला चिपच्या तेजीचा लाभ होईल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ही वाळू काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते. वेफरसाठी लागणारे सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध असावे लागते, आणि त्याची किंमत वाळूत नसून शुद्धीकरणात असते. वाळू पृथ्वीवर मुबलक आहे, शुद्ध करणारे कारखाने मोजके.

प्रोसेसरच्या आघाडीवर महाराष्ट्राचा एक धागा मात्र अस्सल आहे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला, तो परदेशी प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून. हीच संस्था आता ‘ओम्’ नावाचा स्वतःचा महासंगणकी प्रोसेसर घडवीत आहे. आर्म या ब्रिटिश कंपनीच्या रचनेवर आधारलेले ९६ गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे ९६ भाग, त्यात आहेत, आणि शेजारी एचबीएम मेमरी आहे. आराखड्याच्या कामात हैदराबादची मॉसचिप ही भारतीय शेअर बाजारात नोंदलेली कंपनी सहभागी आहे, त्यामुळे गप्पांत तिचेही नाव येते. पण हा प्रोसेसर प्रत्यक्ष छापला जाणार तैवानमध्ये, आणि त्याला लागणारी एचबीएम यायची ती त्याच तिघींकडून. ज्या टंचाईने मायक्रॉनचा नफा वाढतो, त्याच टंचाईने पुण्याच्या प्रोसेसरचा खर्च वाढतो. मेमरी आणि प्रोसेसर यांची नावे गप्पांत नेहमी जोडीने घेतली जातात, पण त्यांचे हितसंबंध बऱ्याचदा परस्परविरोधी असतात, ते असे.

ज्याला तरीही या शेअरांत पैसे घालायचे आहेत, त्याने नव्या प्रोसेसरच्या घोषणांपेक्षा दोन गोष्टींकडे पाहिलेले बरे. प्रोसेसर कंपन्या आपला पुढच्या दोन-तीन वर्षांचा आराखडा जाहीरपणे सांगतात, त्यामुळे तो भावात केव्हाच उतरलेला असतो. त्याऐवजी मेमरी कंपन्यांच्या तिमाही अहवालात शिल्लक माल किती दिवसांच्या विक्रीइतका आहे, हा आकडा दिलेला असतो किंवा काढता येतो. तो घटत असेपर्यंत टंचाई खरी असते, आणि भाव चढे असतानाच तो वाढू लागला तर गिऱ्हाइकांनी भविष्यातील भीतीने आगाऊ खरेदी केली होती, असा संशय घ्यायला जागा असते. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या कारखान्यांचे वेळापत्रक. बॉइसी येथील मायक्रॉनच्या नव्या कारखान्यातून पहिले वेफर २०२७ च्या मध्यावर अपेक्षित आहेत. एसके हायनिक्सचा योंगिन येथील अवाढव्य प्रकल्पही त्याच वर्षी सुरू व्हायचा आहे. सॅमसंगने प्योंगटेक येथील पाचव्या कारखान्यासाठी २०२८ हे वर्ष सांगितले आहे. चीनची सीएक्सएमटी ही कंपनी साध्या डीरॅमचे उत्पादन वाढवत आहे, आणि तिचे वेळापत्रक या तिघींच्या हातात नाही.